कुत्र्याला घेऊन भंडारदऱ्याला जाताना या चुका टाळा

कुत्र्यासह भंडारदऱ्याला जायचे ठरले की बहुतेकांची तयारी खाणे, पट्टा आणि हॉटेलवाल्याचा होकार एवढ्यावर आटोपते. घोटी सोडून धरणाजवळच्या शेंडी गावाकडे वळल्यावर मात्र आपला कुत्रा बिबट्या, गुरे, गोचीड आणि धरणाचे पाणी यांच्या मुलखात आलेला असतो, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक रात्रीची आहे. काठावर तंबू ठोकल्यावर कुत्रा राखण करील, या समजुतीने त्याला बाहेर खुंटीला बांधले जाते. भंडारदरा ज्या अकोले तालुक्यात येते, तेथेच बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास झाला होता आणि त्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. मोकळ्या कुत्र्याला निदान पळता तरी येते. बांधलेल्याला तेही शक्य नसते. म्हणून अंधार पडण्यापूर्वी कुत्र्याला पक्क्या खोलीत घ्यावे आणि रात्री बाहेर न्यावेच लागले तर आखूड पट्टा व चांगली विजेरी घेऊन, झुडपांपासून लांब, चटकन परत यावे. लांबत जाणारा गुंडाळीचा पट्टा अशा वेळी निरुपयोगी ठरतो.

पाण्याबाबतची चूक याहून फसवी आहे, कारण ती खेळता खेळता होते. पाण्यात चेंडू फेकून तो पुन्हा पुन्हा आणायला लावला की तोंड उघडे ठेवून पोहणारा कुत्रा बरेच पाणी गिळतो, रक्तातील सोडियम घटते आणि मग तो झिंगल्यासारखा चालू लागतो, लाळ गाळतो, ओकतो. हा थकवा आहे असे समजून त्याला झोपू देणे जिवावर बेतू शकते. थोडा वेळ खेळून झाला की त्याला बाहेर काढून विश्रांती द्यावी, आणि वरील लक्षणे दिसल्यास आणखी पाणी न पाजता थेट पशुवैद्य गाठावा. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर उघडा पडणारा गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत पाय रुतवतो. पाण्यावर हिरव्या रंगासारखा तवंग दिसला तर कुत्र्याला काठालाही जाऊ देऊ नये, कारण अंगाला लागलेला तवंग चाटूनही विषबाधा होते.

कळसूबाईचा मोह अनेकांना आवरत नाही. १६४६ मीटर उंचीचे हे शिखर बारी गावाच्या वाटेने चढताना लोखंडी शिड्या लागतात, आणि वीस-पंचवीस किलोच्या धडपडणाऱ्या कुत्र्याला कडेवर घेऊन त्या चढणे हा दोघांच्याही दृष्टीने अविचार आहे. शिवाय हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा असल्यामुळे कुत्रा चालेलच असे गृहीत न धरता वन विभागाच्या नाक्यावर आधी विचारावे. पग किंवा तत्सम चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर उन्हातली चढण देऊच नये. धाप थांबेना आणि हिरड्या लालभडक झाल्या, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत वारा घालावा. ओला टॉवेल पांघरून ठेवल्यास उष्णता आतच कोंडते.

गुराख्यांच्या शेळ्या दिसताच पट्टा आखूड करावा. ‘आमचा काही करत नाही’ हे शेळीला कळत नसते.

गोचिडांकडे दुर्लक्ष ही मात्र घरी आल्यावर उमगणारी चूक आहे, आणि पावसाळ्यात ती हमखास होते. गोचीडनाशक गोळी किंवा थेंब पशुवैद्याच्या सल्ल्याने निघण्यापूर्वीच द्यावेत. तरीही रोज संध्याकाळी कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून पाहावे. सापडलेल्या गोचिडीवर रॉकेल ओतणे किंवा काडी पेटवून चटका देणे हे जुने उपाय करू नयेत. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून ती सरळ ओढून काढावी. परतल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, जेवण तुटले, हिरड्या फिकट पडल्या किंवा लघवी गडद झाली, तर सहलीचा उल्लेख करून रक्ततपासणी करून घ्यावी, कारण गोचीड-तापावर वेळीच औषध सुरू झाले तर बहुतेक कुत्री सावरतात.