घरगुती प्रार्थनासभा नियमितपणे कशी चालवावी

ख्रिस्ती मंडळीचा म्हणजे चर्चचा पहिला निवारा म्हणजे विश्वासणाऱ्यांची घरे होत. प्रिस्किल्ला व अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला प्रेषित पौल बायबलमधील रोमकरांस पत्रात सलाम सांगतो, फिलेमोनाच्या घरच्या मंडळीचाही तो उल्लेख करतो, आणि फिलिप्पै येथे तुरुंगातून सुटल्यावर पौल व सीला थेट लुदियेच्या घरी जाऊन बंधुजनांना धीर देतात. असे असले तरी आजची घरगुती सभा ही रविवारच्या उपासनेला पर्याय नव्हे. रविवारी शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाची नोकरी गेली आहे की त्याच्या घरी कोणी आजारी आहे, हे कळण्याची सवड तेथे क्वचितच मिळते. आठवड्यातील ही छोटी सभा ती उणीव भरून काढते.

सुरुवात करण्यापूर्वी आपल्या पाळकसाहेबांशी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंशी, बोलावे आणि जवळपासची तीन-चार कुटुंबे सोबत घ्यावीत. कुटुंबे शक्यतो एकाच वस्तीतील असावीत, कारण नागपुरात सदर भागातून मानेवाड्यापर्यंत दर आठवड्याला रात्री जाणे-येणे वृद्धांना आणि लहान मुलांच्या आयांना झेपत नाही.

त्यानंतर वार व वेळ ठरवावी, आणि माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. एकदा गुरुवारची सायंकाळ ठरली की ती केवळ कोणाच्या सोयीसाठी बदलू नये. एका आठवड्यात दोनच माणसे आली तरी सभा घ्यावी, कारण जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतात तेथे मी आहे, हे प्रभू येशूचे अभिवचन मोठ्या गर्दीला उद्देशून दिलेले नाही. ‘या वेळी लोक कमी आहेत, पुढच्या आठवड्यात पाहू’ असे दोनदा घडले, तर तिसऱ्यांदा निरोप देण्याचीही कोणाला आठवण राहत नाही. शिवाय संकटात सापडलेला माणूस आधी विचारून येत नाही. गुरुवारी त्या घराचे दार उघडे असते एवढ्या खात्रीवर तो येतो. इब्री लोकांस पत्राचा लेखक एकत्र मिळणे सोडू नका असे सांगताना त्याला एकमेकांना उत्तेजन देण्याची जोड देतो, आणि असे उत्तेजन अधूनमधून भेटणाऱ्यांकडून सहसा मिळत नाही.

नागपूरच्या ऋतुमानाचा विचार मात्र वर्षाच्या आरंभीच करावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास किंवा त्यावर जात असल्याने उन्हाळ्यासाठी सूर्यास्तानंतरची, साधारण साडेसातची वेळ आधीच जाहीर करावी. कूलरच्या आवाजात हळू आवाजातील प्रार्थना ऐकू येत नाही. म्हणून शक्य असेल तर गच्चीवर बसावे, नाहीतर प्रार्थनेपुरता कूलर बंद ठेवावा.

सभा सव्वा तासात संपवावी. दोन गीते, एक स्तोत्र, शास्त्रवाचन व त्यावर संभाषण, मध्यस्थीची म्हणजे इतरांसाठीची प्रार्थना, येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वचन एवढा क्रम पुरेसा आहे. काही काळ नागपुरात वास्तव्य केलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने घरगुती सभेला विशेष शोभतात. एकाने ओळ म्हणावी आणि इतरांनी ती उचलावी, पेटी नसली तरी टाळांवर भागते. वाचनासाठी दर वेळी नवा उतारा शोधण्यापेक्षा एक पुस्तक सलग घ्यावे. मार्ककृत शुभवर्तमानाचे १६ अध्याय आठवड्याला एक याप्रमाणे चार महिन्यांत पूर्ण होतात, आणि मागील आठवड्याचा धागा पुढे चालत राहिल्याने नियमित येण्याची गोडीही लागते. वाचनानंतर एकानेच उपदेश करू नये. घरातील आजी आणि शाळकरी मूल या दोघांनाही बोलण्याची संधी मिळावी.

येणारे लोक निरनिराळ्या मंडळ्यांतील असतील, काहींची मातृभाषा हिंदी, तेलुगू किंवा मल्याळमही असेल. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच नागपुरात सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्चची स्थापना केली, आणि त्या ऐक्यात बालकांचा बाप्तिस्मा व प्रौढ विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धतींना स्थान देण्यात आले. एवढ्या मोठ्या मतभेदाला ज्या शहरातील ऐक्यात जागा मिळाली, तेथील बैठकीच्या खोलीत त्याच विषयावर वाद पेटू देऊ नये. प्रभुभोजन, म्हणजे भाकर व द्राक्षारसाचा विधी, आपापल्या मंडळीच्या नियमांप्रमाणे पाळकांकडे सोपवावे.

प्रार्थनेच्या विनंत्यांसाठी एक वही ठेवावी आणि पुढील सभेत ती उघडून प्रत्येक विनंतीचे काय झाले हे विचारावे. मात्र तेथे उघड झालेले घरचे दुःख सभेबाहेर जाता कामा नये, कारण एकदा विश्वास तुटला की लोक केवळ परीक्षा आणि सर्दी-तापाच्या विनंत्या सांगू लागतात.

खानपान फक्त चहापुरते ठेवावे, आणि या बाबतीत कोणाच्याही आग्रहाला बळी पडू नये. एका घरी चिवडा व मिठाई, दुसऱ्या घरी पूर्ण जेवण असे सुरू झाले की एका खोलीत राहणारे कुटुंब यजमानपद घेण्यास संकोचते, आणि ज्यांच्या घरी सभा होणे सर्वांत आवश्यक असते त्यांचेच दार बंद राहते. फ्लॅट स्कीममध्ये सभा असेल तर शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी, ध्वनिक्षेपक लावू नये आणि दुचाक्या कोणाच्या फाटकासमोर उभ्या करू नयेत.

सलग दोन आठवडे न दिसलेल्या व्यक्तीकडे कोणी तरी प्रत्यक्ष जावे. व्हॉट्सॲपवरील निरोप त्यासाठी पुरेसा नाही. जाताना ‘का आला नाहीत’ असा जाब न विचारता प्रकृतीची चौकशी करावी, तेथेच लहानशी प्रार्थना करावी आणि पुढची सभा कोणाच्या घरी आहे ते सांगून यावे. उपस्थिती पंधरा-सोळांच्या पुढे गेली की प्रत्येकाला बोलायला वेळ उरत नाही. तेव्हा दोन अनुभवी कुटुंबांना शेजारच्या वस्तीत दुसरी सभा सुरू करण्यास पाठवावे, आणि दोन्ही गटांनी महिन्यातून एकदा एकत्र जमावे.