वर्गात ‘लंडन १९९०’ कसं घ्यायचं: ओझोन कराराची मीटिंग मुलांकडून करून घ्या

१६ सप्टेंबरला ओझोन दिन, त्यामुळे शाळांमध्ये पोस्टर, भाषणं, घोषणा हे सगळं होतं आणि ते होऊ दे, पण त्या आठवड्यात मुलांना एक प्रश्न जरूर विचारा. १९७ देश आणि वर युरोपियन युनियन, एवढे सगळे ओझोन वाचवायच्या एकाच करारात आले कसे? मी आठवीला विचारलं तर उत्तर आलं, “सगळ्यांना पर्यावरणाची काळजी होती म्हणून.” तसं झालं नव्हतं हो. पैशावरून जोरात भांडण झालं, ते १९९० ला लंडनच्या मीटिंगमध्ये नीट बसून मिटवलं, म्हणून करार टिकला. हे फळ्यावर लिहून पोचत नाही, मुलांना त्या खुर्च्यांवर बसवावं लागतं. तीन पिरियड, चिठ्ठ्या, कार्डं आणि देशांच्या नावांच्या पुठ्ठ्याच्या पाट्या, एवढंच लागतं.

आदल्या दिवशी गृहपाठ द्या: घरातल्या मोठ्यांना विचारून या, आपल्याकडे पहिला फ्रिज कुठल्या साली आला. हा गृहपाठ अजिबात गाळू नका, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

पहिल्या पिरियडला फक्त गोष्ट सांगा. १९७४ ला मोलिना आणि रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी सांगितलं की फ्रिज आणि स्प्रेमधला सीएफसी वायू वर जाऊन ओझोन खातो. १९८५ ला ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचे आकडे छापले आणि ओझोन किती घटलाय ते जगाला कळलं. १९८७ ला माँट्रियलमध्ये करार झाला, सीएफसी निम्म्यावर आणायचं ठरलं. मग सांगा की भारत आणि चीन त्यात आलेच नाहीत, आणि फ्रिजची सालं बोर्डवर लिहायला लावा. आमच्या वर्गात बहुतेक सालं १९९० च्या नंतरची निघाली, दोघांच्या घरी तर २०१० नंतर. एक मुलगी आपणहून म्हणाली, “म्हणजे आपल्याकडे फ्रिज यायच्या आधीच बंद करा म्हणत होते?” बस, भारताची बाजू समजली. इथेच थांबा, १९९० च्या जूनमध्ये लंडनला पुढे काय झालं ते सांगायचं नाही.

दुसऱ्या पिरियडला ग्रुप. अमेरिका, ब्रिटन, जपान, भारत, चीन, आणखी दोन विकसनशील देश मुलांनी निवडायचे, आणि एक ग्रुप अध्यक्षांचा. चिठ्ठ्या टाकूनच वाटा, नाहीतर बोलकी मुलं सगळी अमेरिकेत जाऊन बसतात. एक अपवाद मी मुद्दाम करते, भारतासाठी सगळ्यात तावातावाने बोलणाऱ्या मुलाला अमेरिकेत टाकते. त्याला अमेरिकेची अडचण मांडावी लागते: आज ओझोनसाठी पैसे दिले तर उद्या हवामान बदलासाठीही मागतील, ही भीती तिथे खरोखर होती आणि मीटिंगच्या थोडेच दिवस आधी त्यांनी भूमिका बदलली. प्रत्येक ग्रुपला त्याच्या देशाची बाजू लिहिलेलं एक कार्ड द्या. जपानच्या कार्डावर लिहा की तुमच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत सुटे भाग धुवायला सीएफसी लागतं. भारत-चीनच्या कार्डावर लिहा की सीएफसीशिवायच्या नव्या तंत्राचा जादा खर्च कोण देणार ते आधी बोला, पण हेही लिहा की करारात नसलेल्या देशांशी या वायूंचा व्यापार बंद होणार आहे. प्रत्येक कार्डाच्या तळाला ‘शेवटी इतक्यावर तयार व्हा’ अशी एक ओळ, ती दुसऱ्या ग्रुपला दाखवायची नाही.

आता खरा भाग. पाच-सात मिनिटं भाषणं झाली की गाडी अडते, दर वेळी अडते, आणि आपल्याला मध्ये पडावंसं वाटतं. पडू नका. त्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख होते मुस्तफा तोलबा, इजिप्तचे शास्त्रज्ञ. अडलं की ते मोजक्या लोकांना छोट्या खोलीत बोलवायचे, तिथे देशाचा प्रतिनिधी म्हणून नाही, स्वतःच्या नावाने बोलायचं. तेच करा. पाट्या उलट्या ठेवायला सांगा, प्रत्येक ग्रुपमधला एकेक जण व्हरांड्यात, १५ मिनिटं, आणि नियम एकच: आपलं म्हणणं मांडायचं नाही, समोरच्याला विचारायचं की तुला काय मिळालं तर चालेल. आवाज खाली येतो, मुलं बोटांवर हिशोब करायला लागतात, मला हा सगळ्यात आवडता भाग वाटतो.

तिसऱ्या पिरियडला मसुदा. ‘सर्व देशांनी प्रयत्न करावेत’ असं वाक्य आलं की परत पाठवा. कोण, किती, कधीपर्यंत, हे तिन्ही हवं. मतदान दोनदा घ्या. आधी साधं दोन-तृतीयांश. मग लंडनला ठरलेल्या नियमाने: दोन-तृतीयांश तर हवंच, शिवाय श्रीमंत देशांमध्ये वेगळं बहुमत आणि विकसनशील देशांमध्ये वेगळं बहुमत. पहिल्या वेळी पास झालेला मसुदा दुसऱ्या वेळी पडू शकतो, आणि मग मुलं परत व्हरांड्यात जायला स्वतःहून परवानगी मागतात.

त्यानंतरच खरं उत्तर उघडा. सीएफसी २००० पर्यंत बंद, विकसनशील देशांना १० वर्षं जास्त. जादा खर्चासाठी निधी, तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, भारत-चीन आले तर २४ कोटी. निधी चालवणाऱ्या समितीत १४ सभासद, ७ श्रीमंत देशांचे, ७ विकसनशील देशांचे. चीन १९९१ ला आला, आपण १९९२ ला. एका वर्षी आमचा भारत ग्रुप उठून गेला आणि करार झालाच नाही, मी तसंच राहू दिलं, त्या मुलांनी खरे आकडे सगळ्यांपेक्षा जास्त लक्ष देऊन वाचले.

शेवटची दहा मिनिटं २०१६ ला रवांडातल्या किगालीत या करारात झालेल्या दुरुस्तीसाठी ठेवा. सीएफसीच्या जागी आलेले एचएफसी वायू ओझोनला धक्का लावत नाहीत पण पृथ्वी तापवतात, म्हणून याच करारात त्यांनाही घेतलं. भारताने २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात मान्य केलीय. घरी जाऊन फ्रिज किंवा एसीवरचा स्टिकर वाचून यायला सांगा: आर-१३४ए आणि आर-३२ हे एचएफसी, आर-६००ए नाही. दुसऱ्या दिवशी ही यादी बोर्डवर फ्रिजच्या सालांच्या शेजारी लिहा.