सड्यावरून काक्षीची प्रत कशी मोजावी

2019 सरता सरता मृग नक्षत्रातला तांबडा तारा काक्षी (बीटलज्यूस) विझू लागला. एरवी 0.5 च्या आसपास असणारी त्याची प्रत, म्हणजे तेजाचं माप, फेब्रुवारी 2020 मध्ये 1.6 वर घसरली (आकडा वाढला की तारा मंद). ताऱ्याने बाहेर फेकलेला वायू थंडावून त्याची धूळ झाली आणि ती नेमकी आपल्या बाजूने आडवी आली, असं चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीच्या चित्रांवरून 2021 मध्ये मांडलं गेलं. पण विझणं साध्या डोळ्यांनाही दिसत होतं! ते मोजायला कोकणातला सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, पुरतो.

पौष अमावस्येच्या आसपास, रात्री दहाला जा. किनाऱ्यावर नको, दमट हवा आणि मच्छीमार बोटींचे दिवे तारे खातात. सड्याची वाट मात्र उजेडीच पाहून ठेवा. चिरेखाणी उघड्या असतात, आणि फुरसं अंधारात दिसत नाही. बॅटरीला लाल जिलेटिन लावा, वीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या.

दक्षिणेकडे तोंड करून वर पाहा. एका रेषेतले तीन तारे म्हणजे मृगाला लागलेला व्याधाचा बाण. त्याच्या वर डावीकडे काक्षी. बाणाची रेषा उजवीकडे वाढवली की रोहिणी, प्रत 0.9. काक्षीच्या डावीकडे प्रश्वा, 0.4. तिघं बऱ्यापैकी सारख्या उंचीवर असतात, म्हणून हीच वेळ. क्षितिजाजवळचा तारा हवेमुळे फसवा मंद दिसतो.

आता काक्षी या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते ठरवा. बरोबर मधोमध वाटला तर 0.65, म्हणजे 0.6 किंवा 0.7 लिहा. टक लावू नका. तांबडा तारा रोखून पाहिला की उगाच तेजस्वी भासतो. ओझरती नजर टाका. तारीख, वेळ, प्रत आणि तुलनेचे तारे वहीत नोंदवा.

अशा नोंदी 1911 पासून गोळा करणाऱ्या अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्सकडे कुणालाही आपली नोंद पाठवता येते. दशकानुदशकांच्या नोंदींतूनच काक्षीची सुमारे सहा वर्षांची संथ चढउतार कळली. त्यावरून त्याला जोडीदार तारा असावा असं गणित निघालं, आणि जुलै 2025 मध्ये हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीने तो टिपल्याचं जाहीर झालं. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

दहा दिवसांतून एक नोंद पुरे. मे उजाडला की काक्षी संध्याकाळीच समुद्रात उतरतो. जूनमध्ये मृग लागतो, म्हणजे सूर्यच तिथे असतो, तेव्हा पावसाने आपलं काही बुडत नाही. गणपती उरकले की पहाटे पुन्हा वही काढा.