शिट्टी चुकून वाजली, आता पुढे काय? बास्केटबॉलच्या नव्या पंचांसाठी

फाउल होणार असं वाटतं, श्वास शिट्टीत जातो आणि नेमका त्याच क्षणी बचावपटू हात मागे घेतो. धक्का लागलेलाच नाही, पण दहाही खेळाडू थांबलेत. अशा वेळी नव्या पंचाची मूठ आपसूक वर जाते आणि कुणाच्या तरी नावावर फाउल चढतो. हे कधीही करू नका. पाचव्या फाउलला खेळाडू सामन्याबाहेर जातो. चूक तुमची, भुर्दंड त्याला कशाला?

आधी बोटं जुळवून उघडा पंजा वर करा. घड्याळ थांबवायची खूण हीच. मूठ म्हणजे फाउल. मग लगेच आठवा: शिट्टी वाजली तेव्हा चेंडू कुणाच्या ताब्यात होता? फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनुसार पुढचं सगळं यावरच ठरतं.

ड्रिबल चालू होतं किंवा पास हवेत होता, तर ताबा त्याच संघाचा. खेळ थांबला तिथून जवळच्या जागेवरून त्यांना थ्रो-इन द्या, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकू द्या, फक्त बोर्डाच्या थेट मागून नको. फास्ट ब्रेकमध्ये एकटा सुटलेला खेळाडू तुमच्या शिट्टीमुळे अडला तर वाईट वाटतंच, पण भरपाई म्हणून गुण देता येत नाहीत.

खरा गोंधळ होतो तो शॉट सुटल्यावर. हवेतला शॉट शिट्टीने मृत होत नाही. चेंडू आत गेला तर बास्केट धरायची. म्हणून हात वर ठेवा, पण नजर रिंगवरून हलवू नका. शॉट हुकला तर? चेंडू हातातून सुटला तेव्हाच संघाचा ताबा संपलेला असतो. म्हणजे चेंडू कुणाचाच नाही, ही जंप बॉलची स्थिती. पण इथे चेंडू उडवायचा नाही: पुढचा ताबा कुणाचा हे दाखवणारा टेबलावरचा बाण ज्याच्या बाजूने, त्याला थ्रो-इन. ‘रिबाउंड (हुकलेला चेंडू) तर आमच्याच पोराने घेतला’ असं कोच तावातावाने सांगतील. शिट्टीनंतर घेतलेला रिबाउंड धरता येत नाही, हे शांतपणे सांगा. अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये असा बाण नसतो. तिथे मोकळ्या चेंडूवर चुकून शिट्टी वाजली तर मधल्या वर्तुळात खराखुरा जंप बॉल होतो, म्हणजे चेंडू दोन खेळाडूंमध्ये वर उडवतात.

चेंडू देण्याआधी शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायला उरलेले सेकंद दाखवणारं घड्याळ, बघा. ताबा त्याच संघाकडे राहिला, थ्रो-इन पुढच्या अर्ध्या मैदानात (तो संघ ज्या रिंगवर हल्ला करतो त्या बाजूला) असेल आणि 14 किंवा जास्त सेकंद उरले असतील, तर आकडा तसाच राहतो. 13 किंवा कमी असतील तर 14 होतो. मागच्या अर्ध्यात असेल तर पुन्हा 24. पण समजा, घड्याळावर 3 सेकंद होते आणि बचाव करणाऱ्यांनी समोरच्यांना पुरतं कोंडलं होतं. तिथे 14 देणं म्हणजे चांगल्या बचावावर पाणी ओतणं. विरुद्ध संघाचं असं नुकसान होत असेल तर घड्याळ थांबलं तिथूनच चालू ठेवण्याचा अधिकार पंचांना आहे. तो बेधडक वापरा.

ताब्याबद्दल शंका असेल तर सहकाऱ्याला विचारा. मतभेद झाले तर मुख्य पंचाचा शब्द अखेरचा. मग दोन्ही कोचना एकच वाक्य: ‘शिट्टी चुकून वाजली, चेंडू निळ्यांचा.’ त्यापुढे स्पष्टीकरण देत बसू नका, वाद तिथेच वाढतो. बाणाने चेंडू दिला असेल तर थ्रो-इन पूर्ण झाल्यावर बाण फिरवला का, तेवढं टेबलाकडे बघून घ्या.