ट्रिप-हॉप सुचवायचं कसं?

ट्रिप-हॉप, म्हणजे हिप-हॉपच्या ठोक्यांवर बेतलेलं संथ, धूसर संगीत, ऐकून बघायचंय म्हणणाऱ्याला दहा अल्बमची यादी पाठवली, की ती तशीच पडून राहते. आधी एकच गाणं द्या. ते रुचलं तर अख्खा अल्बम.

गाणं निवडण्याआधी समोरचा सध्या काय ऐकतो ते विचारा, आणि ते कोणत्या अल्बममधून घ्यायचं ते त्यावरून ठरवा. गायकीवर जीव असेल तर पोर्टिसहेड या बँडचा 'डमी' (१९९४). त्यांची गायिका बेथ गिबन्स हिच्या आवाजातली कातर व्याकुळता पहिल्याच गाण्यात पकडते. गिटार आवडणाऱ्याला मॅसिव्ह अटॅकचा 'मेझनीन' (१९९८). हिप-हॉपवाल्याला डीजे शॅडोचा 'एंडट्रोड्यूसिंग' (१९९६), जो जवळजवळ सगळाच जुन्या रेकॉर्डच्या तुकड्यांतून रचलेला आहे. निवांत काही हवं असेल तर मॉर्चीबाचा 'बिग काम' (१९९८).

सोबत 'हेडफोन लावून ऐक' असं लिहाच. 'मेझनीन'चं पहिलं गाणं 'एंजल' बेसच्या धडधडीवर उभं आहे. फोनच्या स्पीकरमधून ती नीट येतच नाही, मग काहीच घडत नाहीये असं वाटून माणूस पुढचं गाणं लावतो. दोष गाण्याचा नसतो, पण गाणं हातचं जातं.

अल्बम ऐकताना शफल बंद आणि क्रम मूळचाच. 'डमी' जेमतेम पन्नास मिनिटांचा आहे आणि 'ग्लोरी बॉक्स' शेवटी येतं तेव्हाच त्याचा खरा परिणाम होतो.

ते आवडलं की लगेच पुढची पायरी: अमेरिकन सोल गायक आयझॅक हेजचं 'आइक्स रॅप टू' (१९७१), मग 'ग्लोरी बॉक्स', मग ट्रिकीचं 'हेल इज राउंड द कॉर्नर' (१९९५) लागोपाठ ऐकायला द्या. हेजच्या गाण्यातली तीच सुरावट पुढच्या दोन्ही गाण्यांत आहे. एकात ती आर्जव होते, दुसऱ्यात घुसमट. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या या मंडळींनी काय साधलं ते इतकं लख्ख दुसरीकडे कुठे कळत नाही.

ट्रिकीचा 'मॅक्सिनक्वे' (१९९५) अप्रतिम आहे, पण सुरुवातीला देऊ नका. ती कुजबुज आणि गढूळपणा नव्या कानाला जड जातो. पोर्टिसहेडचा 'थर्ड' (२००८) तर सगळ्यात शेवटी, त्यातले ठोके फार कर्कश आहेत.

नाहीच आवडलं तर काय खटकलं ते विचारा. 'फार संथ' म्हणाला तर मँचेस्टरच्या लॅमचा पहिला अल्बम (१९९६) द्या, त्यात ड्रम अँड बेस या वेगवान इलेक्ट्रॉनिक शैलीची धावती लय आहे. 'फार उदास' म्हणाला तर मॉर्चीबा.