डोकं दुखतंय म्हणून पेशंट आला की कारण कसं शोधायचं

लगेच स्कॅनचा कागद पुढे ओढू नका, आधी नीट विचारा, बहुतेकांचं निदान बोलण्यातच सापडतं.

पहिले धोक्याचं बघून घ्या. मिनिटाभरात एकदम टोकाला गेलेलं दुखणं, ताप आणि आखडलेली मान, हात-पाय लुळा पडणं, बोलताना अडखळणं, फिट, डोक्याला मार, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदर किंवा नुकतीच बाळंतीण, कॅन्सर, एचआयव्ही, यातलं काही निघालं तर वेळ न घालवता पुढे पाठवा. लाल दुखरा डोळा आणि दिव्याभोवती वलयं दिसत असतील तर काचबिंदू असू शकतो. घरातल्या सगळ्यांचंच दुखत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा विचार करा.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालंय? मग केस विंचरताना टाळू दुखते का, चावताना जबडा भरून येतो का हे विचाराच. हो म्हणाले तर टेम्पोरल आर्टरायटिस (कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज) असू शकतो, ईएसआर-सीआरपी (सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) पाठवा पण रिपोर्टसाठी स्टिरॉइड अडवून ठेवू नका, यात नजर जाऊ शकते आणि गेलेली नजर सहसा परत येत नाही.

यातलं काही नसेल तर माझा आवडता प्रश्न, "दुखायला लागलं की तुम्ही काय करता?" अंधार करून पडून राहतो, मळमळतं, ४ ते ७२ तास चालतं, म्हणजे मायग्रेन. (सायनस म्हणून आलेले कितीतरी यातच निघतात.) एका जागी बसवत नाही, येरझाऱ्या, त्याच बाजूच्या डोळ्यातून पाणी, १५ मिनिटं ते ३ तास, हे क्लस्टर डोकेदुखी. डोकं आवळल्यासारखं पण कामं चालूच, ती टेन्शन टाइप डोकेदुखी.

मग गोळ्या. "घेता का?" विचारलं तर "कधीतरीच" येणार, म्हणून गेल्या महिन्यात किती दिवस घेतल्या ते विचारा, मेडिकलमधून स्वतः आणलेल्या धरून. साधी पॅरासिटामॉल महिन्यात १५ दिवस, ट्रिप्टान (मायग्रेनची गोळी) किंवा कोडीनवाली १० दिवस, असं ३ महिन्यांच्या वर चाललं असेल तर गोळीच दुखणं टिकवत असते.

तपासताना बीपी, डोळ्याचा पडदा, चाल, मान, एवढं तरी कराच. बीपी थोडंसं वाढलेलं दिसलं म्हणून त्याच्यावर खापर फोडू नका, तेवढ्याने सहसा डोकं दुखत नाही.

तरी चित्र स्पष्ट नसेल तर ८ आठवडे डायरी लिहायला सांगा: तारीख, किती तास, गोळी, झोप, पाळी. आणि दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येत असेल (मायग्रेनचा ऑरा) तर इस्ट्रोजेनवाली गर्भनिरोधक गोळी चालू आहे का ते विचारा, असेल तर ती बदला, स्ट्रोकचा धोका वाढतो.