इंदूरात पियोनी लावायचीय? आधी फ्रीजमध्ये जागा करा

दसरा झाला, पाऊस गेला, आणि लोकांकडे पियोनीच्या गाठींची पार्सलं यायला लागली. डब्यावर कोबीच्या गड्ड्याएवढं गुलाबी फूल, आणि आत बघावं तर रताळ्यासारखं तपकिरी मूळ. मग फोन येतात, काकू, बागेत लावू की गमल्यात? सगळ्यांना एकदाच सांगते, बागेत नको, निदान इंदूरला तरी नकोच.

ह्या झाडाला थंडी लागते आणि ती आपली दोन स्वेटरवाली थंडी नाही. जातीप्रमाणे साधारण 500 ते 1000 तास 7 डिग्रीच्या खाली मिळाले तरच मुळावरचे डोळे (जिथून कोंब फुटतो ते) नीट झोपतात आणि मग कळी धरतात. आपल्याकडे जानेवारीत रात्रीचा पारा सरासरी 10 च्या आसपास, कधी 5-6 वर गेला की लगेच पेपरात बातमी, आणि तोसुद्धा पहाटेपुरता, दुपारी परत 25. म्हणजे झाड धड झोपत नाही, धड उठत नाही, पानं येतात आणि फूल काही येत नाही. हिमालयात हिची जंगली जात आहे, काश्मीर-हिमाचल-उत्तराखंडात, पांढऱ्या फुलाची, तिचंच वाळलेलं मूळ युनानी औषधवाल्याकडे ऊद सलीब म्हणून मिळतं (ते आणून कुंडीत लावू नका, एकानं लावलं होतं, महिनाभर पाणी घालत बसला बिचारा).

दुसरं म्हणजे माळव्याची काळी माती. सोयाबीन-गव्हाला ती सोनं आहे पण पियोनीचं मांसल मूळ तिच्यात पावसाळ्यात सडतंच. मी पहिल्या वर्षी हौसेनं अंगणात लावली, चार इंच कोंब आला, पानंही छान लाल-लाल फुटली, मे महिन्यात करपली आणि जुलैत उकरून बघितलं तर नुसता लगदा.

तर करायचं असेल तर असं करा. गाठ घेताना 3 ते 5 डोळे असलेली, कडक, वजनदार घ्या, दाबून मऊ लागली तर परत पाठवा. जात जितकी लवकर फुलणारी तितकी बरी, कारण आपल्याकडे मार्चपासूनच ऊन मारायला लागतं. फेस्टिव्हा मॅक्सिमा ही 1851 सालची जुनी पांढरी जात आणि कोरल चार्म ह्या दोन त्यातल्या त्यात गरम भागात निभावतात असं मानतात. सारा बर्नहार्ट सगळीकडे विकायला असते, फोटोत देखणी दिसते, पण उशिरा फुलते, ती सोडा.

आल्याआल्या गाठ लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा (मूळ सडवणाऱ्या बुरशीला रोखणारी पावडर) कालवून अर्धा तास बुडवा, सावलीत सुकवा, मग ओलसर (निथळता नाही, पिळलेल्या फडक्याइतका ओला) कोकोपीटमध्ये गुंडाळून भोकं पाडलेल्या पिशवीत घाला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, 2 ते 5 डिग्री. फ्रीझरमध्ये अजिबात नाही. आठ ते दहा आठवडे तिथेच राहू द्या. शेजारी सफरचंद, केळी, पेरू ठेवायचे नाहीत, पिकत्या फळातून इथिलीन गॅस निघतो, त्यानं डोळे बिघडतात. घरात एकच फ्रीज असेल तर आधी घरच्यांशी बोलून घ्या, आमच्याकडे पिशवीवर मोठ्या अक्षरात "आलं नाही" असं लिहावं लागलं, तरी सुनेनं एकदा चहासाठी काढलीच होती. दर पंधरा दिवसांनी उघडून बुरशी बघा.

जानेवारीच्या सुरुवातीला बाहेर काढून गमल्यात. गमला 16-18 इंचाचा आणि तेवढाच खोल, खाली भोकं मोकळी. काळी माती नको, लाल किंवा पिवळी माती दोन भाग, नर्मदेची जाड रेती दीड भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग, वरून मूठभर बोनमील (हाडांचा चुरा). युरिया नाही, त्यानं नुसती पानं माजतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खोली. डोळे वर करून मूळ ठेवा आणि डोळ्यांवर माती फक्त अर्धा ते एक इंच. थंड देशात दोन इंचापर्यंत चालतं, आपल्याकडे तेवढं पुरलंत तर उरलीसुरली थंडीही डोळ्यांना लागत नाही. कुंडी भरताना माती खाली बसते हे धरून चाला, पाणी घालून परत मोजा. बटाटा लावल्यासारखं खोल घालायची सवय इथे सोडायची.

सकाळचं ऊन चार-पाच तास, दुपारी सावली. वरची दोन इंच माती सुकली की पाणी, रोज नाही. कळीवर मुंग्या आल्या तर येऊ द्या, त्या कळीवरचा गोड चीक खातात, नुकसान काही करत नाहीत. देठ बुडाशी काळा पडून वाकला तर मात्र करपा समजा, तो कापून जाळून टाका, कंपोस्टमध्ये नको.

पहिल्या वर्षी फूल मागू नका, थंड प्रदेशातसुद्धा दोन-तीन वर्षं लागतात. माझ्या दुसऱ्या गाठीला होळीच्या सुमारास एक कळी आली, वाटाण्याएवढी झाली आणि सुकली, तरी मी शेजारणीला बोलावून दाखवली. एप्रिलपासून 50 टक्क्यांची हिरवी नेट बांधा, पानं हिरवी आहेत तोवर कापू नका, पुढच्या वर्षीचा साठा त्यातूनच मुळात जातो. पावसाळ्यात गमला गॅलरीत छपराखाली, पाणी जवळपास बंद. नोव्हेंबरात गाठ काढून परत फ्रीज.

देपालपूरकडचा एक ओळखीचा शेतकरी विचारत होता, लग्नाच्या सजावटीत पियोनी महाग जाते तर अर्धा बिघा लावू का. भाऊ, नका लावू. ती फुलं बाहेरून विमानानं येतात. तेवढ्या जागेत शेवंती नाहीतर डेलिया करा, डेलियाची कलमं आत्ता ऑक्टोबरात लावली की डिसेंबर ते मार्च फुलं, आणि मोठ्या गेंदेदार जाती लांबून पियोनीच वाटतात.

आणि ऑनलाइन "पियोनी पॉपी"चं बी दिसलं तर स्वस्त आहे म्हणून मागवू नका. ती पियोनी नाहीच, दुहेरी पाकळ्यांची अफू आहे. मंदसौर-नीमचला लायसन्सवर पिकते ती ह्याच प्रजातीची, आणि लायसन्सशिवाय परसात एक झाड जरी लावलं तरी 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात बसतं.